शितावरून भाताची परीक्षा: अभ्यासाची नवी पद्धत आधी एकाच विषयावर आजमावा

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या अभ्यासिकेत नवे चेहरे दिसायला लागतात. बारावी पार करून एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, आलेली मुलं. प्रत्येकाकडे अभ्यासाची एखादी 'टेक्निक' असते, बहुधा आदल्याच रात्री मोबाइलवर बघितलेली. सोमवारी पहाटे साडेचारचा गजर, सगळ्या विषयांच्या रंगीत नोट्स, पंचवीस मिनिटांचा टायमर. गुरुवारी टायमर सुटतो, शनिवारी गजर. पुढच्या सोमवारी चेहरा पाडून येतात आणि म्हणतात, "ताई, मला नाही जमत हे."

जमत नाही असं नसतं. सहा विषयांवर चार नव्या सवयी एकदम लादल्या आणि मोजलं काहीच नाही, तर काय लागू पडलं नि काय नाही हे कळणार कसं? भात शिजला का ते बघायला आपण एक शीत दाबतो, पातेलं पालथं घालत नाही. अभ्यासाचंही तसंच करायचं. एक विषय, एक पद्धत, एकवीस दिवस. शेवटी मार्क बघून ठरवायचं की ठेवायची की सोडायची. ते कसं करायचं तेवढंच इथे सांगते.

मी कळव्यात एका अभ्यासिकेत संध्याकाळी देखरेखीला असते. त्याआधी तीन वर्षं कोपरखैरण्याहून ठाण्याला कॉलेजला ये-जा केली, बी.कॉम.साठी. दुसऱ्या वर्षी बिझनेस लॉची केटी लागली, म्हणजे नापास झाले आणि तो पेपर पुन्हा द्यावा लागला. वही तर अशी रंगवली होती की मैत्रिणी झेरॉक्सला मागायच्या. पेपर हातात आला, पहिला प्रश्न वाचला आणि वहीचं पान डोळ्यांसमोर उभं राहिलं. पिवळा पट्टा कुठल्या कोपऱ्यात आहे तेही दिसलं. पट्ट्याखाली काय लिहिलंय ते काही दिसेना. केटी सोडवताना झक मारत दुसरी पद्धत शोधावी लागली, तीच ही.

पद्धत नक्की काय आहे

दोनच गोष्टी. पुस्तक बंद करून आठवायचं, आणि हे आठवणं एका बैठकीत न उरकता मध्ये काही दिवस जाऊ देऊन पुन्हा पुन्हा करायचं. आपल्याकडच्या पाठांतरात यातला अर्धा भाग आधीपासून होता. आजोबा पाढे म्हणायला लावायचे तेव्हा समोर पुस्तक नसायचं.

हे माझ्या अनुभवापुरतं नाही. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कारपिकी या दोघांनी कॉलेजच्या मुलांना एक छोटा उतारा दिला आणि अभ्यासाला चार फेऱ्या दिल्या. एका गटाने चारही फेऱ्यांत तो नुसता वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत तीन-चारदा वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि लिहिणाऱ्यांकडे ६१. 'मला हे लक्षात राहणार' असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता!

हा शेवटचा मुद्दा जरा चघळा. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, डोळे सरसर पुढे सरकतात आणि आपल्याला वाटतं, झालं की. रोज फलाटावर दिसणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखीचा असतो, पण त्याचं नाव विचारलं तर सांगता येतं का? पेपरात नाव विचारतात.

२०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं या दोन्ही वरच्या रांगेत आल्या. हायलायटर आणि पुन्हा पुन्हा वाचणं खालच्या रांगेत. माझी रंगीत वही तेव्हाच रद्दीत गेली.

पहिली पायरी: विषय निवडा

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पहिल्याच सेमला पेपरांची जत्रा असते. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस. यातला मेजरचा, म्हणजे तुमच्या मुख्य विषयाचा, एक थिअरी पेपर घ्या. आवडीचा नको, कारण तो कसाही वाचलात तरी चालतो. ज्याची भीती बसली आहे तोही नको, प्रयोग फसला की खापर पद्धतीवर फुटेल. मधला घ्या, ज्याची लेक्चर्स तुम्ही खरोखर बसून ऐकता.

आता त्या विषयातले साधारण सारख्या आकाराचे दोन टॉपिक काढा. अर्थशास्त्र असेल तर मागणीची लवचिकता आणि उत्पादन खर्च, असे. एक टॉपिक तुमच्या नेहमीच्या पद्धतीने करायचा आणि दुसरा नव्या. कुठला कुठे, ते नाणं उडवून ठरवा. हसू नका. नाहीतर मन हळूच सोपा टॉपिक नव्या पद्धतीच्या पारड्यात टाकतं, आणि मग आपण आपल्यालाच फसवून खूश होतो.

दुसरी पायरी: वेळ सारखा वाटा

ही पायरी मुलं हमखास गाळतात आणि तिथेच प्रयोग बाद होतो. दोन्ही टॉपिकना शंभर-शंभर मिनिटं द्यायची. नव्या पद्धतीला तीन तास आणि जुनीला चाळीस मिनिटं दिलीत तर जिंकलं कोण, पद्धत की घड्याळ?

जुन्या पद्धतीची शंभर मिनिटं कशीही वापरा. वाचा, अधोरेखित करा, नोट्स उतरवून काढा, एका रविवारी बसून संपवा. रोज जसं करता तसंच.

नव्या पद्धतीची अशी मोडा. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं वाचन आणि प्रश्न तयार करणं. त्याच दिवशी झोपण्याआधी किंवा परतीच्या लोकलमध्ये दहा मिनिटं आठवणं. तिसऱ्या दिवशी पंधरा, सातव्या दिवशी पंधरा, चौदाव्या दिवशी वीस. झाली शंभर. वहीच्या मागच्या पानावर तारखा आजच लिहून टाका. 'बघू, जमेल तसं' म्हटलं की तिसरा दिवस नवव्या दिवशी उजाडतो.

हेच आकडे का? त्यात जादू काही नाही. परीक्षा जितकी लांब, तितकं दोन फेऱ्यांमधलं अंतर मोठं ठेवलं तर चालतं, किंबहुना ते फायद्याचंच असतं, एवढं संशोधनातून दिसलं आहे. एकवीस दिवसांच्या चाचणीला हे वेळापत्रक बेतशीर बसतं, म्हणून मी ते देते. तुमचं प्रॅक्टिकल आठव्या दिवशी असेल तर सातवा दिवस सहावा करा, काही बिघडत नाही.

तिसरी पायरी: नोट्सच्या जागी प्रश्न

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण प्रश्न कच्चा असेल तर पुढचं सगळं वाया.

पहिल्या दिवशी टॉपिक वाचताना प्रत्येक परिच्छेदाला थांबायचं आणि विचारायचं, यावर परीक्षक काय विचारेल? तो प्रश्न कार्डाच्या एका बाजूला, उत्तर दुसऱ्या बाजूला चार ओळींत. एका टॉपिकची बारा ते पंधरा कार्डं पुरतात. कार्डं विकत आणू नका. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतोच, त्यांच्या कोऱ्या बाजू कापा. माझ्या केटीच्या अर्ध्या कार्डांवर मागे गणपतीचं चित्र होतं, त्यामुळे ती पायाखाली येणार नाहीत याची आईच काळजी घ्यायची.

प्रश्न कसा असावा ते माझ्याच लॉच्या विषयातून दाखवते. भारतीय करार कायदा, १८७२. मी आधी कार्ड लिहिलं होतं, 'कलम ११ सांगा.' हे मेलेलं कार्ड. कलम पोपटासारखं म्हणता येतं आणि पेपरात केस स्टडी आली की तोंड बंद. नंतर लिहिलं: 'सतरा वर्षांच्या मुलाने उधारीवर बाइक घेतली आणि हप्ते बुडवले. दुकानदार करारपत्र घेऊन कोर्टात गेला. काय होईल?' मागे उत्तर: अठरा पूर्ण नसलेली व्यक्ती करार करायला सक्षम नाही, कलम ११. असा करार मुळापासूनच रद्दबातल. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट), १९०३. एकाच कार्डात कलम, तत्त्व आणि निवाडा, तिन्ही आले.

अर्थशास्त्रात 'लवचिकतेची व्याख्या द्या' याऐवजी 'मिठाचा भाव दुप्पट झाला तरी खप फारसा का घटत नाही, आणि बाहेर पिझ्झा महागला तर का घटतो?' असं विचारा. शास्त्र शाखेची मुलं 'का' आणि 'नाहीतर काय झालं असतं' या दोन शब्दांनी प्रश्न सुरू करून बघोत. व्याख्येची कार्डं अजिबात नकोत असं नाही, दोन-तीन असू द्या. पण पंधराच्या पंधरा तशी झाली तर तुम्ही शब्दकोश पाठ करताय.

मोबाइलवर अँकीसारखी ॲप्स आहेत, अँड्रॉइडवर अँकी फुकट चालतं आणि कुठलं कार्ड कधी दाखवायचं ते स्वतः ठरवतं. पुढे जरूर वापरा. पहिल्या एकवीस दिवसांत मात्र कागदच बरा. ॲपची सेटिंग्ज लावण्यात दोन संध्याकाळी गेलेली पोरं मी बघितली आहेत, त्यांची थीम सुंदर होती.

चौथी पायरी: लोकलमधली दहा मिनिटं

लेक्चर झालं त्याच दिवशी एक छोटी फेरी व्हायलाच हवी. घरी गेल्यावर कुणी करत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. म्हणून ती प्रवासात बसवा.

परतताना ट्रान्सहार्बर मार्गाच्या लोकलला मी ठाण्याला चढायचे. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. दिघा गाव स्टेशन तेव्हा नव्हतं, ते २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, म्हणजे आताच्या मुलांना एक प्रश्न जास्त मिळतो. नियम सोपा. एका स्टेशनपासून पुढच्या स्टेशनपर्यंत एकच प्रश्न. वही बॅगेतच राहू द्यायची, गर्दीत ती काढता येतही नाही. परतीच्या डब्यात हात वर करायला जागा नसते, पण डोकं रिकामं असतं. 'पुढील स्टेशन रबाळे' ऐकू आलं की उत्तर मनात पूर्ण झालं पाहिजे. अडकलं तर अडकलं, पुढचा प्रश्न घ्या. स्टेशनबाहेर पडल्यावर अडकलेली तेवढी दोन कार्डं काढून बघा.

घोडबंदर रोडवरून बसने येणाऱ्यांना स्टेशनं नाहीत, पण ट्रॅफिक आहे. प्रत्येक सिग्नलला एक प्रश्न. माजिवड्याच्या आसपास दोन प्रश्नही होतात, मला एका मुलाने सांगितलं की त्याचे चार झाले.

मैत्रीण बरोबर असेल तर तिला विचारायला सांगा. बोलून उत्तर देताना आपलं अडखळणं आपल्याला ऐकू येतं, मनातल्या मनात ते लपतं. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या होत्या, "अगं, मघाशी तू प्रतिफल म्हणजे कराराचा मोबदला असं सांगितलंस ना, मग घरकामवालीशी तोंडी ठरवलं तर तो करार होतो का?" होतो, काकू. तोंडी करारही करारच. तो मुद्दा मी आजतागायत विसरलेली नाही.

पाचवी पायरी: कोरा कागद, दोन पेनं

तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशीची बैठक जरा रीतसर. टेबलावर एक कोरा कागद, एक निळं पेन, एक लाल पेन. मोबाइल दुसऱ्या खोलीत. घर वन रूम किचन असेल आणि दुसरी खोलीच नसेल तर अभ्यासिकेत या. ठाण्यात, कळव्यात, वाशी-नेरुळकडे अशा जागा आहेत. ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय तर १८९३ पासून उभं आहे. आपल्या वॉर्डात चौकशी करा, नगरसेवकाच्या कार्यालयात किंवा देवळाच्या ट्रस्टकडे विचारलंत तरी पत्ता लागतो.

आधी निळ्या पेनाने टॉपिकबद्दल आठवेल ते सगळं उतरवा. क्रम चुकला तरी चालेल. पाच मिनिटांनी वाटेल की संपलं. तिथे उठू नका, आणखी दोन मिनिटं नुसते बसा. बऱ्याचदा त्या दोन मिनिटांत दोन मुद्दे वर येतात. मग कार्डं काढा, ताडून बघा आणि राहिलेलं, चुकलेलं लाल पेनाने लिहा. उरलेली मिनिटं फक्त लाल मजकुरावर घालवायची. जे निळं आहे ते पुन्हा वाचायचा मोह होतो, कारण येत असलेलं वाचायला छान वाटतं.

तिसऱ्या दिवशीचा कागद लालभडक असतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण नव्वद टक्के पोरं इथे पळतात. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत पळालेली, मोजलेली नाहीत. 'काल तर सगळं समजलं होतं, आज काहीच येत नाही' म्हणजे पद्धत फसली असं नाही. थोडं विसरल्यावर ओढून काढलेलं जास्त टिकतं, त्यासाठीच मधले दिवस रिकामे सोडलेत. कागद फेकू नका, तारीख घालून ठेवा. सातव्या दिवशीच्या शेजारी ठेवून बघितलात की लाल-निळ्याचं प्रमाण आपोआप बोलतं.

कार्डांसाठी एक खोका करा. चपलांचा चालेल, मिठाईचा मुंग्या आणतो. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये कप्प्यांच्या खोक्याची युक्ती लोकप्रिय केली. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा वरचेवर बघायचा, शेवटचा क्वचित. एका टॉपिकला तीन कप्पे पुष्कळ झाले.

गणितं असतील तर

अकाउंट्स, स्टॅट्स, फिजिक्सच्या मुलांना कार्डं पुरणार नाहीत. त्यांनी गणितं मिसळून सोडवायची. एका प्रकारची दहा, मग दुसऱ्या प्रकारची दहा, असं क्लासमध्ये करवून घेतात आणि हात सरसर चालतो. २००७ मध्ये रोहरर आणि टेलर यांनी घनफळाच्या चार प्रकारच्या गणितांवर हे तपासलं. एका वेळी एकच प्रकार सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर पहिल्यांना २० टक्के, दुसऱ्यांना ६३.

कारण उघड आहे. घसाऱ्याचं, म्हणजे वापराने यंत्राची किंमत दरवर्षी घटते त्या हिशेबाचं, उदाहरण घ्या. एक लाखाचं यंत्र, दर १० टक्के. सरळ रेषा पद्धतीत दरवर्षी १०,००० रुपये. घटत्या शिल्लक पद्धतीत दर उरलेल्या किमतीवर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी ९,०००, तिसऱ्या वर्षी ८,१००. आकडेमोड पाचवीच्या पोराला जमेल. पेपरात गाडी अडते ती कुठली पद्धत लावायची हे ओळखण्यात, आणि एकाच प्रकारची दहा गणितं ओळीने सोडवताना ते ओळखायची वेळच येत नाही. तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिकांतून वेगवेगळ्या प्रकारची आठ गणितं चिठ्ठ्यांवर लिहा, पत्त्यांसारखी पिसा आणि वरची उचला.

मराठी माध्यमातून आला असाल तर

वर्गात इंग्रजी, डोक्यात मराठी आणि पेपरात पुन्हा इंग्रजी. कोरा कागद इंग्रजीत भरायला घेतला की मुद्दा येत नाही की शब्द येत नाही हेच समजत नाही. म्हणून पहिल्या दिवशीची आणि तिसऱ्या दिवशीची फेरी बिनधास्त मराठीत करा. मुद्दे पक्के झाले का, एवढंच बघायचं. सातव्या दिवशी तेच इंग्रजीत लिहा आणि अडलेले शब्द लाल पेनाने टिपा. ती शब्दांची यादी वेगळी, तिची वेगळी पाच कार्डं. चौदाव्या दिवशी पूर्ण उत्तर पेपरच्या भाषेत. दोन अडचणींशी एकाच दिवशी झुंजण्यापेक्षा एकेक निस्तरलेली बरी.

मध्ये सण आला तर

येणारच. पहिल्या सेममध्ये गणपती, नवरात्र, सगळं असतं. टेंभी नाक्याची देवी बघायला गेलात आणि सातवा दिवस हुकला, तर नवव्या दिवशी करा. मधलं अंतर वाढलं तर आठवायला थोडं जड जाईल एवढंच. दोन फेऱ्या एका दिवशी कोंबून 'बॅकलॉग' भरू नका, त्याने अंतर ठेवण्याचा हेतूच जातो. जर्नल सबमिशनच्या आठवड्यात प्रयोग सुरूच करू नका. त्या आठवड्यात कुणीच माणसात नसतं.

एकविसावा दिवस

मित्राला दोन्ही टॉपिकवर वीस-वीस मार्कांचे प्रश्न काढायला सांगा, शक्यतो जुन्या प्रश्नपत्रिकांतून. तुमच्या कार्डांवरचे प्रश्न त्याला दाखवू नका. आदल्या दिवशी दोन्हीपैकी काहीच उघडायचं नाही. प्रत्येकी पस्तीस मिनिटं, घड्याळ लावून, कागद मित्राने तपासायचा. बदल्यात तुम्ही त्याला चहा पाजा किंवा त्याचा प्रयोग तपासा.

मग दोन आकडे शेजारी ठेवा. एखाद-दुसऱ्या मार्काचा फरक असेल तर बरोबरी समजा. तीन-चारांहून जास्त फरक नव्या पद्धतीच्या बाजूने असेल तर तिला आणखी एक संधी द्या, या वेळी दुसऱ्या विषयात. जुनी पद्धत जिंकली तर आधी चौदाव्या दिवसाचा कागद काढून बघा. फेऱ्या खरंच झाल्या होत्या का? कार्डं बघत बघत 'आठवलं' असं तर केलं नव्हतं? प्रश्न सगळे व्याख्यांचे होते का? यातलं काहीच नसेल आणि तरी जुनी सरस ठरली, तर खुशाल जुनीच ठेवा. मी काही या पद्धतीची एजंट नाही. एका प्रयोगाने फार मोठं सिद्धही होत नाही, पण 'वाटतं' यापेक्षा तुमच्या हातात काहीतरी जास्त असतं.

आणि हो, जे मुळात समजलेलंच नाही त्याला ही पद्धत उपयोगाची नाही. न कळलेलं पंधरा वेळा आठवून कळत नाही. ते सरांना विचारा, दुसरं पुस्तक बघा, यूट्यूबवर कुणी बरं समजावलं असेल तर बघा, मग कार्डं करा. आणि उद्या पेपर असताना आज रात्री हा लेख वाचत असाल तर खोका-बिका विसरा, आयएमपी, म्हणजे महत्त्वाचे प्रश्न, वाचा आणि वेळेवर झोपा. प्रयोग पुढच्या सेमला.

दुसऱ्या विषयातही पद्धत टिकली तर तिसरा विषय घ्या, पण पहिल्या सेमला तिथेच थांबा. तीन खोके सांभाळणं सोपं नसतं, विशेषतः घरात लहान भावंडं असतील तर. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवी कार्डं करायची नाहीत, फक्त पहिल्या कप्प्यात उरलेली फिरवायची. पेपर झाला की कार्डांना रबरबँड लावून वर विषयाचं नाव लिहा आणि माळ्यावर टाका. माझा लॉचा गठ्ठा गेल्या वर्षी मामेबहीण घेऊन गेली. त्यातली सात कार्डं तिने परत पाठवली, उत्तरं चुकीची होती म्हणून.